भोपळा, पराग लावल्यापासून दिवस ४२वा

एडमंटन (कॅनडा), २० ऑगस्ट. सकाळी टेप लावली. घेर, देठापासून बुडापर्यंत वरून, आणि आडवं वरून. तिन्हींची बेरीज २५२ इंच. मापावरून वजनाचा अंदाज देणाऱ्या तक्त्यावर बघितलं तर १७० किलोच्या आसपास. २०२५मध्ये इंग्लंडच्या पेटन जुळ्या भावांनी असाच आडोशाखाली १,२७८.८ किलोचा काढला होता, तेव्हा आपण गप्प बसावं. पण परसातल्या ग्रीनहाऊसला हेही खूप झालं.

बी अटलांटिक जायंट या राक्षसी भोपळ्यांच्या वाणाचं. एप्रिलमध्ये कडा कानशीने घासून हीटिंग मॅटवर रुजवलं, मेच्या मध्यावर आत लावलं, मातीत गरम केबल. थंडीचा सगळा बंदोबस्त केला आणि मार दिला उन्हाने! जूनमध्ये इथे सतरा तास उजेड; एका दुपारी आत ४३ अंश. पहिली दोन मादी फुलं हाताने पराग लावूनही आठवड्यात पिवळी पडून गळाली. तिसऱ्या वेळी शहाणा झालो. आदल्या संध्याकाळी कळीभोवती बर्फाच्या बाटल्या रचल्या, वर शेडनेट. ९ जुलैला पहाटे साडेपाचला नर फुलाच्या पाकळ्या खुडून पराग लावला. चौथ्या दिवशी गोटीएवढं फळ लिंबाएवढं दिसलं तेव्हा हायसं वाटलं. (माझ्या आजोळी डांगर उकिरड्यावर आपसूक यायचं, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे.)

एक चूक मात्र नडली. फळाचा खांदा वेलाला रेटायला लागला की वेल रोज बोटभर सरकवायचा, जवळच्या पेरांची मुळं सोडवायची. चार दिवस आळस केला. देठाच्या बुडाशी नखाएवढी चीर, त्यातून चिकट पाणी. चीर पुसून कोरडी केली, तेव्हापासून छोटा पंखा दिवसरात्र त्याच्यावर रोखलेला आहे. चीर वाळलीय, कड तपकिरी झालीय. आत पोकळीपर्यंत गेली तर स्पर्धेतून बादच.

पानांवर भुरी दिसायला लागलीय, जुनी पानं काढतोय. आता रोज तीन किलोच चढतो. रात्री ८ अंशांवर येतायत, हीटर लावलाय. वीजबिलाचा विषय घरात बंद आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी स्मोकी लेक गावात स्पर्धेचा वजनकाटा. तिथवर न्यायला ट्रेलर मिळाला. पण काल दार मोजलं: ८० सेंटीमीटर. भोपळा आजच ९० सेंटीमीटर रुंद आहे. मागची भिंत खोलावी लागणार.