ऑलिंपियाची देवराई, 1:100 : राखेची वेदी आणि झाडी

प्राचीन ग्रीसमधल्या ऑलिंपियाच्या प्रतिकृतीत आता वेदी. ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस, त्याची ही मुख्य वेदी देवळात नव्हती, उघड्यावर होती. आणि दगडाची नव्हे, बळीच्या जनावरांच्या मांड्या जाळून उरलेल्या राखेची. जागेवर आज तिचा मागमूस नाही, म्हणून मापं पॉसेनियस या ग्रीक प्रवासवर्णनकाराची : खालच्या टप्प्याचा घेर 125 फूट, वरच्याचा 32, एकूण उंची 22. फूट ऑलिंपियाचा, सुमारे 32 सेंमी. म्हणजे प्रतिकृतीत खालचा व्यास 12.8 सेंमी, वरचा 3.3, उंची 7. खालचा टप्पा 2 सेंमी उंच धरला आहे. त्याहून उंच केला तर वरचा भाग बुटका दिसतो.

ही मापं इ.स. दुसऱ्या शतकातली. वेदी दरवर्षी वाढायची : तिथल्या एलाफिओस महिन्याच्या 19 तारखेला भविष्यवेत्ते अग्निगृहातली राख अल्फिओस नदीच्या पाण्यात कालवून तिच्यावर लिंपायचे. त्यामुळे इ.स.पूर्व पाचव्या शतकाचा देखावा करायचा असेल, तर ही उंची घेऊ नका.

गाभा थर्माकोलचा. त्यावर आधी कागदाच्या पट्ट्या चिकटवा, नाहीतर लेप सुटतो. लाकडाची राख चहाच्या गाळणीने चाळून 2 भाग, निम्मं पाणी घातलेलं फेविकॉल 1 भाग. थर 2 मिमीचाच, आणि सावलीत वाळवा. जाड थर उन्हात ठेवला की वरचा पापुद्रा आधी आकसतो आणि भेगा पडतात. एखादी बारीक भेग राहू द्या, खऱ्या लिंपणालाही असणारच. राख क्षारयुक्त असते, हातमोजे घाला. स्प्रेचा रंग मुळीच नको, थर्माकोल विरघळतं. खालच्या टप्प्यावर जायला दोन्ही बाजूंनी दगडी पायऱ्या. तिथून वरच्या राखेच्याच.

जागा : पुराणकथेतला वीर पेलोप्स याचं कुंपण आणि झ्यूसची पत्नी हेरा हिचं देऊळ, दोन्हींपासून सारख्या अंतरावर, दोन्हींच्या पुढे. शेजारी सरपणाची रास हवी, तीही फक्त पांढऱ्या पॉप्लरची. झ्यूसच्या यज्ञात दुसरं लाकूड चालत नसे.

झाडीत बहुतेकांचं चुकतं ते दाटीमुळे. वेद्या, पुतळे आणि माणसांच्या गर्दीला मोकळी जागा लागतेच. आवाराच्या मध्याकडे चिनार, 15 ते 20 सेंमी. पेलोप्सच्या कुंपणात झाडं आणि पुतळे, दार पश्चिमेला. ऑलिंपिक विजेत्यांच्या मुकुटाची रानऑलिव्ह झ्यूसच्या देवळाच्या मागच्या अंगाला, 6 सेंमी पुरे. तिला गडद हिरवा भुसा लावू नका; राखाडी मिसळा आणि कोरड्या ब्रशने टोकांवर फिका हात मारा.