चार वाजताची सावली

गेल्या आठवड्यात भर दुपारी जालना रोडवरच्या एका रिकाम्या प्लॉटवर मी दहा फुटी बांबू रोवून बसले होते. सोबत आमच्या आर्किटेक्ट ऑफिसातला साइट बघणारा मुलगा. २० मेच्या आसपास आपल्या छत्रपती संभाजीनगरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. साडेबाराच्या सुमारास बांबूची सावली त्याच्याच बुडाशी जिरून गेली. चार वाजता पुन्हा टेप लावली, तर पूर्वेकडे बारा फूट. आम्ही तिथवर फक्कीची रेघ मारली. म्हणजे या जागी ४५ मीटरची इमारत उभी राहिली, तर मे महिन्यात चार वाजता तिची सावली ५४ मीटर लांब जाईल. संगणकावर हे मिनिटात दिसतं. पण उन्हात उभं राहून बघितल्यावर हात वेगळा चालतो.

इथं ऑफिसांच्या दोन इमारती व्हायच्या आहेत, एक अकरा मजली आणि एक पाच मजली. क्लायंटच्या मनात उंच इमारत मधोमध, भोवती गाड्या, रस्त्याला कंपाउंड आणि मोठं गेट. मी उंच इमारत पश्चिमेला सरकवली, अग्निशमनाच्या गाडीपुरतं मार्जिन ठेवून. पाच मजली दक्षिणेला घेतली. मग ईशान्येचा कोपरा मोकळा राहिला: उत्तरेला जालना रोड, पूर्वेला गल्ली. दुपारनंतर हा कोपरा उंच इमारतीच्या सावलीत असेल. सकाळच्या उन्हाला तिथं एक जुना कडुलिंब आहेच. गाड्यांचा रॅम्प गल्लीच्या पार टोकाला नेला, पायी येणाऱ्याच्या आडवा येऊ नये म्हणून.

हा कोपरा कुणासाठी, हे मला चांगलं माहीत आहे. माझं गाव अंबाजोगाईजवळचं. लहानपणी दादांबरोबर मी एका कार्यालयात गेले होते. सकाळच्या पहिल्या एसटीने पोचलो, गेट साडेदहाला उघडणार होतं. बाहेर सावलीचा तुकडा नव्हता. दादा टोपी काढून मला वारा घालत फुटपाथवर बसून राहिले, आणि भाकरी आम्ही भिंतीकडे तोंड करून खाल्ली. आत शिरल्यावर साहेबांशी बोलताना दादांचा आवाज एवढासा झाला होता. मला वाटतं तो बाहेरच बारीक झाला होता, त्या भिंतीपाशी. आजही सिल्लोड, कन्नड, पैठणहून माणसं शहरात कामाला येतात आणि दोन कामांच्या मधला वेळ कुठं काढायचा हे त्यांना ठाऊक नसतं.

न्यूयॉर्कमध्ये १९५८ साली वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोह यांनी सीग्राम ही ३८ मजली इमारत रस्त्यापासून मागे ओढली आणि पुढं फरसबंद चौक सोडला. तो लोकांना आवडला. १९६१ मध्ये शहराने नियमच केला: लोकांसाठी चौक सोडा, वरती जास्त बांधा. चौक भराभर निघाले, पण बरेचसे ओस पडले. शहरातल्या लोकजीवनाचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी सत्तरच्या दशकात कॅमेरे लावून बघितलं, तेव्हा साधी गोष्ट हाती आली. जिथं बसता येतं तिथं माणसं बसतात. १९७५ मध्ये बसायच्या सोयीची अटच नियमात घालावी लागली.

आपल्याकडे पार आहे. मागच्या सुट्टीत गावातला पार मी मोजला. उंची दीड फुटाला एक बोट कमी. रुंदी एवढी, की कडेला एक जण पाय सोडून बसला तरी त्याच्यामागे दुसरा आडवा होतो. तेच माप मी या लिंबाभोवती घेतलंय, वर शहाबादी. दोन्ही इमारतींच्या कडेने पावसासाठी चार मीटरची पडवी आहे. कारंजं मी खोडलं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मराठवाड्यात शोभेचं पाणी उडवायला माझा हात धजत नाही. त्या जागी पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत.

एक चूक माझी मलाच सापडली. दक्षिणेची इमारत २० मीटरची आहे. डिसेंबरात सूर्य खाली उतरतो, तेव्हा भर दुपारी तिची सावली १९ मीटर उत्तरेला येणार. थंडीत माणूस ऊन शोधतो. पहिल्या नकाशात काही कट्टे नेमके त्या पट्ट्यात होते. ते उचलून रस्त्याकडे नेले.

क्लायंट म्हणाले, "मॅडम, गेट नसलं तर रस्त्यावरचं कुणीही येऊन बसेल."

म्हटलं, "त्यासाठीच काढलंय, साहेब. सिक्युरिटी लॉबीच्या काचेच्या दारापाशी ठेवू."

ते बराच वेळ नकाशा बघत राहिले आणि गेटावर त्यांनी काट मारली. या माणसाबद्दल मला त्या दिवशी फार आदर वाटला.

अडलंय ते बेसमेंटवर. त्यांना ते प्लॉटभर हवंय. पण स्लॅबवर चार-पाच फूट माती टाकून रोपं जगवता येतात, हा लिंब नाही जगणार. त्याची मुळं खाली मुरमात गेलेली आहेत. आपल्या शहरातल्या पाणचक्कीतला जुना वड ज्याने बघितलाय, त्याला जुनं झाड काय देतं ते सांगावं लागत नाही. बेसमेंट खोडापासून नऊ मीटरवर थांबवलं तर बावीस गाड्यांची जागा जाते. बावीस गाड्यांचे पैसे मलाही कळतात. तरी मी ती रेघ पुढं सरकवणार नाही.

गुरुवारी मीटिंग आहे. ऑफिसात नाही, लिंबाखाली ठेवली आहे, चार वाजता. दोन सतरंज्या आणि पाण्याचा जार घेऊन जाणार आहे.