आधी पाजताना बघू दे

बाळंतिणीच्या घरी गेले की मी सुरुवातीला फारसं बोलत नाही. दिलेला चहा घेते, सासू किंवा आई काय सांगतात ते ऐकते आणि बाळ उठायची वाट बघते. बाळ तोंड इकडेतिकडे वळवायला लागलं, मुठी चोखायला लागलं, की म्हणते, "घे गं पाजायला, मी बसलेय इथेच." मग ते पिऊन होईपर्यंत जागची हलत नाही.

मी डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. पुण्यात पर्वतीच्या उतारावर जनता वसाहतीत राहते, माझी दोन्ही मुलं अंगावर प्यायली. महापालिकेच्या दवाखान्याशी जोडलेल्या एका कामात मी आणि आमच्याच भागातल्या आणखी काही जणी स्तनपानासाठी घरोघर जातो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा ४० तासांचा एक अभ्यासक्रम आहे, आमचं प्रशिक्षण त्याच्यावरच बेतलेलं होतं. कापडाचा शिवलेला स्तन आणि बाहुली घेऊन आम्ही एकमेकींना शिकवलं. पण खरं शिक्षण झालं ते दहा बाय दहाच्या खोल्यांमध्ये, पलंगाच्या कडेला बसून.

सगळ्यात जास्त कानावर पडणारं वाक्य म्हणजे "ताई, दूधच येत नाही." हे ऐकल्यावर अळीव, शतावरी, डिंकाचे लाडू सांगायला जग बसलेलंच असतं. मी बाळाचं तोंड बघते. ते मोठं उघडलंय का? हनुवटी टेकलीय का, खालचा ओठ बाहेर वळलाय का? फक्त निपल चोखतंय की भोवतालचा काळा भागही तोंडात गेलाय? गाल भरलेले दिसतात की आत ओढले जातात? गिळल्याचा आवाज येतो का? मग आईकडे बघते. बहुतेक जणी बाळावर ओणव्या झालेल्या असतात, खांदे कानापाशी आलेले, पाठीला टेकू नाही. सिझर झालेलं असेल तर टाक्यांवर भार येऊ नये म्हणून अंग चोरून बसलेल्या. भिंतीला टेकवून पाठीमागे गोधडीची घडी घातली, मांडीवर उशी ठेवून बाळाला वर घेतलं, बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलं, की कितीतरी घरांत तेवढ्यानेच चित्र बदलतं. टाके दुखत असतील तर कुशीवर झोपून पाजायला सांगते, किंवा बाळाचे पाय काखेखालून मागे जातील असं धरायला.

मागे एका घरी गेले तेव्हा बाळ नऊ दिवसांचं होतं आणि फळीवर पावडरच्या दुधाचा डबा अर्धा संपलेला. खाजगी प्रसूतिगृहातून घरी सोडतानाच तो डबा हातात दिला होता. भारतात १९९२ पासून कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. बाळाच्या पावडर-दुधाची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत. तरी डबे घरी येतात, आणि सोबत "लागलं तर असू द्या" हे वाक्य येतं. बाळंतिणीच्या मनात त्या वाक्याचा अर्थ एकच होतो, की आपलं दूध पुरणार नाही.

त्या घरात डबा सासूबाई चालवत होत्या. प्रेमानेच. नातू रडला की त्यांच्या पोटात कालवायचं. मी सुनेशी बोलण्याआधी त्यांच्याशीच बोलले. माहेर मुळशीकडचं, घरी म्हशी. मी विचारलं, "मावशी, धार अर्धीच काढून म्हैस सोडली तर काय होतं?" त्या लगेच म्हणाल्या, "आटती की." मग स्वतःच गप्प झाल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "म्हंजी डब्यामुळं हिचं कमी झालं?" मी म्हटलं, डब्याने पोट भरलं की बाळ अंगावर कमी ओढतं, ओढलं नाही की शरीर कमी बनवतं, आणि मग डबा आणखी लागतो. हळूहळू कमी करू. वजन बघत, एकदम बंद नाही.

डॉक्टरांशी बोलून, दर दोन-तीन दिवसांनी वजन करून तो डबा सुटला. सासूबाईंनी काय केलं? सुनेच्या हातातलं पाणी भरायचं काम काढून घेतलं. नळ आला की स्वतः हंडे लावायला लागल्या. त्या घरात जो फरक पडला त्याला माझ्या बोलण्याइतकेच ते हंडेही कारण आहेत, असं मला मनापासून वाटतं.

बाळाला पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नका, हे मी प्रत्येक घरात सांगते. पहिल्या दिवशी बाळ एका वेळेला चहाचा चमचाभर, फार तर थोडं जास्त पितं. तेवढंच पिवळं घट्ट दूध आईला येत असतं आणि तेवढंच हवं असतं. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत जन्माइतकं परत येतं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा शू होत असेल, वजन चढत असेल, तर दूध पुरतंय. संध्याकाळी बाळ तासातासाला मागतं ते भुकेलं राहिलं म्हणून असतंच असं नाही. पण बाळ मलूल असेल, पिताना सारखं झोपत असेल, शू कमी होत असेल, किंवा आईला ताप येऊन छाती लाल, कडक झाली असेल, तर मी गोड बोलत बसत नाही. रिक्षा बोलावते.

मध, गुळाचं पाणी, घुटी हे विषय अजून संपलेले नाहीत. मधातून तान्ह्या बाळाला क्वचित, पण फार गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत मध नाहीच. मे महिन्यात पत्र्याखाली जीव कासावीस होतो तेव्हा "बाळाला घोटभर पाणी" हा आग्रह सुरू होतो. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. पाण्याचा तांब्या आईच्या उशाशी ठेवा.

लोक विचारतात, आशाताई आहेत, अंगणवाडी आहे, मग तुम्ही कशाला? आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा येतात आणि त्यांच्या वहीत बाळाच्या तापापासून नाळेपर्यंत सगळं असतं. तासभर नुसतं पाजणं बघत बसायला त्यांना वेळ कुठून मिळणार? ढाक्यात शेजारपाजारच्या बायकांनाच प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवलं होतं, २००० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच महिन्यांच्या वयाला निव्वळ अंगावर पिणारी बाळं, जिथे या बायका गेल्या तिथे ७० टक्के, जिथे गेल्या नाहीत तिथे ६ टक्के. प्रशिक्षणात हा आकडा ऐकला तेव्हा मी वहीत लिहून घेतला, आजही कुणी आमच्या कामाला "नुसत्या गप्पा" म्हटलं की तोच काढून दाखवते.

खरी कसोटी दोन-अडीच महिन्यांनी येते. आमच्या भागातल्या कितीतरी जणी सहकारनगरात, सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांत धुणंभांडी-पोळ्यांची कामं करतात. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांत. पोळ्यावाल्या बाईला ती कोण देणार? पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, ते दवाखान्यात आणि औषधांत जातात. मग बदलीवर ठेवलेल्या बाईलाच काम कायमचं जाईल या भीतीने ती लवकर निघते.

अशा वेळी "सहा महिने फक्त अंगावरचं" असं सांगून मी उठून आले तर ते बोलणं पोकळ आहे. म्हणून हाताने दूध काढायला शिकवते. आधी हळू चोळायचं, अंगठा आणि बोट काळ्या भागाच्या मागे ठेवून छातीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे. पंपाची गरज नाही. उकळलेली स्टीलची वाटी, झाकण, सावलीची जागा. साधारण चार तास ते चालतं, उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात तेवढाही वेळ ठेवू नका म्हणते. पाजायला वाटी-चमचा किंवा बोंडलं, बाटली नको. निघताना पोटभर पाजायचं, आल्याबरोबर हात धुऊन आधी बाळ. आणि कामाच्या घरी विचारायचं, की मधल्या वेळेत दहा मिनिटं दूध काढायला एखादी खोली मिळेल का. एका घरच्या काकूंनी तर बाळालाच घेऊन ये म्हणून सांगितलं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी अशी ताई येत असेल तर तिने विचारायची वाट बघू नका. ती विचारणार नाही.

काही जणींना नाही जमत. प्रकृती, औषधं, बाळाचं दुखणं, कारणं खूप असतात. त्यांच्या घरी मी जास्त वेळ बसते.

आता माझं एक मागणं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली मुलं फक्त ४१.८ टक्के. म्हणजे बाई दवाखान्यात पोचली, तरी पहिला तास हातचा गेला. आणि डबा उघडतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या रात्री. बाळ जागं झालेलं असतं, सारखं मागतं, वॉर्डात एका सिस्टरच्या वाट्याला किती खाटा असतात ते सगळ्यांना माहीत आहे, आई थकून रडायला आलेली असते. रात्रीच्या पाजण्यानेच दूध बनवणारं संप्रेरक सगळ्यात जास्त वाढतं, आणि नेमकी तीच वेळ हातून जाते. प्रसूतीच्या वॉर्डात रात्रपाळीला आमच्यातली एक जण बसलेली हवी. बैठकीत मी हे बोललेय, पुढच्या बैठकीतही बोलणार आहे. रात्री यायला तयार असलेल्या बायका आमच्यात आहेत. त्यांना पाळीचे पैसे आणि जाण्यायेण्याचं रिक्षाभाडं मिळालं पाहिजे.