सेवेमागे हेतू काय?

ज्यांच्याजवळ बसायला कोणी नाही अशा रुग्णांपाशी मी आठवड्यातून दोन रात्री बसतो. हे कळलं की लोक आवाज जरा खाली आणून विचारतात, ‘तुम्ही ख्रिस्ती ना? मग या सेवेमागे खरा हेतू काय?’ कोणाच्या मनात स्वर्गाचा हिशेब असतो, बहुतेकांच्या मनात धर्मांतर. प्रश्न रास्त आहे. मदतीच्या बदल्यात श्रद्धा मागणारेही असतात, आणि त्यांच्यामुळे दुखावलेल्यांचा संशय मला समजतो. तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगतो.

बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी येतात. येशू दहाही जणांना बरं करतो. उलट फिरून आभार मानायला येतो तो एकटाच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. बाकीचे नऊ कुठे गेले, असं येशू विचारतो. त्याला ते लागलं असावं. पण त्या नऊ जणांचा रोग परत आला, असं पुढे कुठेही लिहिलेलं नाही. बरं केलं ते केलं. आभार, विश्वास, परत येणं यांवर त्यांचं बरं होणं टांगलेलं नव्हतं. मग माझ्या हातून कोणाला घोटभर पाणी मिळालं, तर त्यावर अट घालणारा मी कोण?

त्याच शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी सर्वांना ठाऊक असतो. मला त्यातली एक बारीक गोष्ट फार आवडते. लुटारूंनी मारून वाटेत टाकलेला एक माणूस त्याला दिसतो. तो त्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्या माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो; पण त्याच्याशी काय बोलला, याचा एक शब्दही गोष्टीत नाही. त्याचं बोलणं आहे ते उतारशाळेच्या मालकाशी, आणि तेही खर्चाचं: हे दोन दीनार घ्या, जास्त लागले तर परतताना देईन. एक दीनार म्हणजे तेव्हाची मजुराची दिवसाची मजुरी. मला प्रीती दिसते ती या व्यवहाराच्या बोलण्यात.

राहिला स्वर्गाचा हिशेब. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी ज्यांना देवाच्या राज्याचं वतन मिळतं, त्यांना प्रभू म्हणतो, ‘मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत.’ ते चकित होऊन विचारतात, ‘प्रभू, तू भुकेला होतास ते आम्ही कधी पाहिलं?’ त्यांनी वही ठेवलेलीच नव्हती. योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटलंय की आधी देवाने प्रीती केली, म्हणून आपण करतो. माझी श्रद्धा मी लपवत नाही. कोणी विचारलं तर आनंदाने सांगतो, प्रार्थना करा म्हटलं तर करतो. पण आजाराने हतबल झालेल्या माणसासमोर आपण होऊन तो विषय काढणं मला अन्याय वाटतो. त्याला उठून जाताही येत नसतं.

हे सगळं मला पुस्तक वाचून कळलं असं मात्र नाही. काही वर्षांपूर्वी माझीच शस्त्रक्रिया झाली. हलता येत नव्हतं. वॉर्डातल्या मावशी अंग पुसायला आल्या आणि माझ्या पायांशी बसल्या, तेव्हा मी कळवळून ‘नको, राहू द्या’ म्हणालो. इतकी वर्षं दुसऱ्यांचे पाय चेपणारा मी, आणि माझे पाय कोणाच्या हाती देता येईनात! येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्रही असंच म्हणाला होता, ‘माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस.’ त्या रात्री येशूने सगळ्या शिष्यांचे पाय धुतले. थोड्याच वेळात त्याला धरून द्यायला बाहेर पडणारा यहूदाही त्यांत होता, आणि येशूला ते ठाऊक होतं.

मावशींनी माझं ‘नको’ ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. माझा धर्म त्यांनी विचारला नाही, त्यांचा मी विचारला नाही. फडकं पिळून टाचेला लावलं आणि म्हणाल्या, ‘पाणी फार गार नाही ना?’

आता रात्री कोणाचे पाय पुसायला बसलो की मीही आधी तेवढंच विचारतो.