तुम्ही विचारलंत म्हणून: नसेजवळच्या किडीवर औषध कुठलं?

कीड दाताच्या आतल्या नसेच्या जवळ पोचलीय म्हटलं की पेशंट विचारतात, "डॉक्टर, रूट कॅनाल न करता औषध भरून भागेल का? आणि त्यातलं चांगलं कुठलं?"

मी शिकले तेव्हा उत्तर एकच होतं, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याचा पीएच 12 च्या वर, म्हणजे जहाल अल्कली. नसेला चटका बसतो आणि त्याखाली ती स्वतःच नवं डेंटिन (दाताचा आतला कठीण थर) रचते. पण हे औषध दाताला चिकटत नाही, हळूहळू विरघळतं. जुनं फिलिंग उघडलं की कधी कधी खाली चक्क पोकळी सापडते, आणि रचलेल्या डेंटिनमध्येही बारीक भोकं असतात.

1993 मध्ये अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठातून एमटीए (मिनरल ट्रायॉक्साइड अ‍ॅग्रीगेट) हे औषधी सिमेंट आलं. मूळ म्हणाल तर बांधकामाचं पोर्टलँड सिमेंट! (हे सांगितलं की पेशंट आधी दचकतात.) ओलाव्यातही घट्ट होतं, नसेवर डेंटिनही दाट बनतं. पण हाताळायला ओली वाळू, आणि घट्ट व्हायला पावणेतीन तास. शिवाय त्यातलं बिस्मथ ऑक्साइड दात काळवंडवतं. समोरचा एक दात मीच असा काळा केलाय. नस जिवंत राहिली, पण बाई ओठ मिटून हसायला लागल्या.

म्हणून आता माझा हात बायोडेंटिन या तशाच दुसऱ्या सिमेंटकडे जातो. बिस्मथऐवजी झिर्कोनियम, आणि साधारण 12 मिनिटांत घट्ट. एक्स-रेवर डेंटिनसारखंच फिकट दिसतं, वेगळं ओळखू येत नाही, एवढी तक्रार. नस वाचवण्यात एमटीए आणि हे जवळपास सारखेच.

तरी औषधाआधी मी रक्त बघते. नस उघडी पडली की हायपोक्लोराइटमध्ये (जंतू मारणाऱ्या द्रावणात) भिजवलेला बोळा पाचेक मिनिटं दाबून धरते. लालभडक रक्त येऊन थांबलं, तर औषध ठेवते. थांबतच नसेल तर वरचा सुजलेला भाग काढून पुन्हा बघावं लागतं. रात्री आपोआप ठणकणाऱ्या दाताला नसेवर नुसतं औषध ठेवून सहसा भागत नाही.

आणि शक्यतो नस उघडीच पडू देऊ नये. पूर्वी तळाची कीड खरवडून काढायचे, आता चामड्यासारखा थर दिसला की थांबते. कडा मात्र स्वच्छ हव्यात, कारण वरचं फिलिंग गळलं तर खालचं कुठलंही औषध फुकट. मग सहा महिन्यांनी दाताला गार लावून बघायचं: कळ आली आणि लगेच गेली, तर नस अजून घरात आहे.