कापलेली स्प्रिंग आणि दोन सेंटिमीटर

जुळे सोलापुरातल्या एका शिक्षिकेची रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५० मोटारसायकल आमच्या गॅरेजला आली ती मागून खडखडतच. मॅडमची तक्रार थोडक्यात होती. पाय टेकत नव्हते म्हणून कुठेतरी शॉकअप ‘बसके’ करून घेतले. आता पाय कसेबसे टेकतात, पण प्रत्येक गतिरोधकाला कंबरेत दणका बसतो. उंची पाच फूट एक इंच. गाडी १९१ किलोची, सीट जमिनीपासून ७६५ मिमी. क्रूझरला हा आकडा फार नाही, पण सीट रुंद आहे. मांडी आधी बाहेरच्या बाजूला फाकते, मग पाय खाली जातो. पाय न टेकण्याचं निम्मं कारण त्या रुंदीतच असतं आणि शॉकअपला हात घालणाऱ्या बहुतेकांचं तिकडे लक्षच जात नाही.

शॉकअप काढले तेव्हा खडखड कशाची ते कळलं. दोन्ही स्प्रिंगांचे खालचे वेढे ग्राइंडरने उडवले होते. स्प्रिंगचं टोक कारखान्यात सपाट घासलेलं असतं, म्हणजे ते बैठकीवर सगळीकडून टेकतं. इथे कापलेलं टोक एकाच ठिकाणी टेकत होतं. त्यामुळे रॉडवर बाजूने जोर येऊन डाव्या शॉकअपच्या सीलमधून तेल झिरपू लागलं होतं. चाक अधांतरी लोंबकळलं की स्प्रिंग हाताने गोल फिरायची, इतकी ढिली.

स्प्रिंग कापली की शॉकअपची लांबी कमी होत नाही. रॉड तेवढाच, बॉडी तेवढीच. फक्त आधीचा दाब जातो आणि गाडी स्वतःच्या वजनानेच खाली बसते. वर स्प्रिंग कडक होते ती वेगळीच. समजा कामाचे १२ वेढे आहेत आणि २ कापले, तर उरलेली १० वेढ्यांची स्प्रिंग २० टक्के कडक. म्हणजे धक्का घ्यायला जागा कमी आणि जी उरली तीही आखडलेली. थोडा खड्डा आला की बंप रबरावर (शॉकअप पूर्ण दबल्यावर शेवटचा दणका झेलणारं रबर) आपटणारच. फुकटात होतं म्हणून हे केलं जातं, पण शेवटी शॉकअपची जोडीच भंगारात जाते.

मॅडमचं बजेट पाच हजारांच्या आतबाहेर. दुसरा स्वस्त उपाय म्हणजे शॉकअपच्या खालच्या बोल्टावर लोखंडी पट्टी लावून डोळा (शॉकअपच्या टोकाचं बोल्टाचं भोक) खाली सरकवायचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठलाही लेथवाला अशा पट्ट्या तासाभरात करून देईल. आम्ही लावत नाही. पट्टी एकाच बोल्टावर असते आणि भार त्या बोल्टापासून बाजूला येतो, त्यामुळे ती फिरायला बघते. दुसऱ्या ठिकाणी अडकवायला स्विंग आर्मवर (मागचं चाक धरणारा, वरखाली हलणारा दांडा) जागा नाही आणि तिथे वेल्डिंग मारणं म्हणजे जिवाशी खेळ.

मग ठरलं ते असं : डोळ्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत २० मिमी आखूड अशी बाहेरच्या कंपनीची जोडी, साडेतीनशे सीसीच्या वजनाला चालेल अशा स्प्रिंगची. डोळ्याचा व्यास जुळेना, म्हणून लेथवरून चार बुश (भोकात बसणाऱ्या छोट्या नळ्या) करून आणले. उरलेली उंची सीटमधून काढायची.

हिशेब सरळ आहे. शॉकअपचा खालचा बोल्ट चाकाच्या अक्षाच्या पुढे आणि शॉकअप तिरका, त्यामुळे २० मिमीचे चाकापाशी साधारण २४ मिमी होतात. सीट दोन चाकांच्या मध्ये, मागच्या बाजूला. तिथे त्यातले १७ मिळतात. शॉकअपमधून एवढंच. आणखी आखूड जोडी लावायचा मोह होतो, पण मूळचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची जागा) १७० मिमी आणि आपल्याकडचे गतिरोधक कुठल्या मापाने घालतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

नवी जोडी थेट बसवायची नाही. आधी स्प्रिंगा उतरवून नुसते शॉकअप लावले आणि टायरखाली जॅक देऊन बंप रबर पूर्ण दबेपर्यंत चाक उचललं. टायरवर चार ठिकाणी कणकेच्या गोळ्या ठेवल्या होत्या. चाक खाली घेऊन एकेक गोळी सुरीने चिरून जाडी मोजली. तीन गोळ्या वीस मिमीच्या वर, चौथी जेमतेम ८. तिच्यात गोल खड्डा पडला होता. मडगार्डच्या आत नंबर प्लेटच्या ब्रॅकेटचा बोल्ट तेवढा पुढे आलेला होता. मूळ शॉकअपला तो कधी नडला नसता. तो काढून सपाट डोक्याचा बोल्ट आतून घातला, नट बाहेर घेतला. शिवाय दोन्ही रॉडवर ८ मिमीचं जादा बंप रबर सरकवलं. हायवेवर टायर थोडा फुगतो, खाचांत खडी अडकते; १५ मिमीच्या खाली मी सोडत नाही.

शॉकअप मोकळे असतानाच चेनचं काम उरकून घ्यावं. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंग आर्मचा पिव्होट (तो जिथे फिरतो तो सांधा) आणि मागचा अक्ष एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताठ होते. बसकी गाडी उभी असतानाच त्या रेषेच्या जवळ असते. त्यामुळे डबल स्टँडवर नेहमीच्या मापाने लावलेली चेन माणूस बसला की तंग होऊन बेअरिंग खाते. जॅकने चाक त्या रेषेत आणलं, तिथे बोटाने साधारण १० मिमी खेळ ठेवला आणि मग स्प्रिंगा चढवल्या. शॉकअपचे बोल्ट आधी हातानेच लावले. पक्के आवळले ते गाडी चाकांवर उभी करून, नाहीतर डोळ्यातलं रबर कायम पिळलेलं राहतं.

सीटचा फोम कुशनवाल्याने वरून २५ मिमी उतरवला आणि पुढच्या दोन्ही कडा तासल्या. वर घट्ट फोमचा पातळ थर दिला, नाहीतर तासाभरात खालची प्लेट टोचते. फरक पडला तो त्या कडांनी. मॅडम बसल्या आणि पहिल्यांदाच दोन्ही चवडे पूर्ण टेकले.

साइड स्टँडवर मात्र गाडी जवळजवळ सरळ उभी राहू लागली. वाऱ्याने उजवीकडे जाईल अशी. स्टँड सुटा करून १४ मिमी कापून जोडला. गाडीवर असताना वेल्डिंग करू नये, सेन्सर आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) दोन्ही धोक्यात. डबल स्टँडला आता जोर जास्त लागतो, त्याला इलाज नाही. १४०० मिमीच्या व्हीलबेसवर (दोन चाकांच्या अक्षांमधलं अंतर) मागून २४ मिमी म्हणजे गाडी एक अंश मागे झुकली. हँडल किंचित जड, आणि हेडलाइट १० मीटरवर १७ सेंटिमीटर वर. तो भिंतीवर खूण करून खाली घेतला.

प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा दाब, खालून दुसऱ्या खाचेवर ठेवला. मॅडम बसल्यावर मागचं चाक एकूण प्रवासाच्या पाव हिश्शापेक्षा थोडं जास्त दबतं, बरोबर तेवढंच हवं. मागे कोणी बसणार असेल तर दोन खाचा वर घ्यायच्या; पाना सीटखाली ठेवून दिलाय. तीनशे किलोमीटर झाले की शॉकअपचे चारही बोल्ट आणि चेन परत बघायला गाडी आणायची.