तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीला काय काय बसवलं?

"दादा, तुमच्या गाडीची यादी द्या ना." म्हणजे कच्च्या वाटांवर फिरण्यासाठी मी मोटरसायकलला जास्तीचं काय काय बसवलं, त्याची यादी. नागपुरात फुटाळ्यावर चहा पिताना, पेट्रोल पंपावर, हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडे बसलो असताना, कुठेही कोणी तरी हे विचारतंच. मी "देतो" म्हणतो आणि देत नाही. मग माझ्यामागे बोललं जातं की हा माणूस सांगायला काचकूच करतो. तसं नाही. आज एकदाच सविस्तर लिहितो. यादी मात्र यात मिळणार नाही. का देत नाही, तेवढं मिळेल.

यादी आहे. शंभरपानी वहीच्या मधल्या दोन पानांवर निळ्या पेनाने लिहिलेली, वर मोठ्या अक्षरात 'आदर्श गाडी'. २०२० च्या टाळेबंदीत मी ती केली. गाडी हीरो एक्सपल्स २००, नव्या प्रदूषण नियमांची, म्हणजे बीएस ६. कंपनीने दिली तेव्हा वजन १५७ किलो, पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, जमिनीपासून पोटापर्यंत २२० मिलिमीटर, बसायची उंची ८२३. हे आकडे तुम्हाला पाठ आहेत, मलाही होते. यादीत एकोणीस कलमं होती आणि दीड वर्षात मी एकोणीसच्या एकोणीस पूर्ण केली.

त्यातलं एकही कलम मी हौसेपोटी लिहिलं नव्हतं, हे आधी मान्य करा. पायदानावर उभं राहून चालवायचं तर पाठ वाकते, म्हणून हँडलखाली ते उंच करणारे ठोकळे, रायझर. चढावर पहिल्या गिअरमध्ये दम कमी पडतो, म्हणून चेनचं पुढचं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, एका दाताने लहान. पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागे साधारण तीन दात वाढवणं, आणि ते स्वस्तही पडतं. इंजिनखाली जाड ॲल्युमिनियमची पाटी, कारण काटोलकडच्या नाल्यांतले गोटे इंजिनला सोडत नाहीत. लोखंडी क्रॅश गार्ड. मागे दोन्ही बाजूंना बॅगांसाठी लोखंडी फ्रेम. जादा दिवे. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात महाग, रॅली किट, म्हणजे जास्त उंच सस्पेन्शनचा संच. त्याने पुढच्या सस्पेन्शनची हालचाल १९० वरून २५० मिलिमीटर होते, मागची १७० वरून २२०, आणि पोट जमिनीपासून २७५ वर जातं. ते किट स्पर्धेसाठी आहे, हे मला माहीत होतं. तरी बसवलं. तो निर्णय माझा होता, कोणी गळ्यात मारलेलं नाही.

आता तो दिवस.

२०२२ चा तान्हा पोळा. महालात मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी, अर्ध्या शहरात रस्ते बंद, म्हणून मी आणि माझा भाचा सकाळी सहालाच बाहेर पडलो. तो तेव्हा बावीस वर्षांचा. उंची पाच फूट चार इंच, वजन सत्तावन्न किलो. माझी उंची पाच अकरा, वजन चौऱ्याऐंशी. मी माझ्या गाडीवर, तो त्याच्या जुन्या १५० सीसीच्या गाडीवर. कळमेश्वर सोडलं, मोहप्याच्या रस्त्यावरून आत वळलो आणि एक पांदण, म्हणजे शेतांमधली गाडीवाट, धरली. दोन दिवस उघाड होती. वरून माती वाळलेली दिसत होती, भेगा पडायला लागल्या होत्या. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघाभर, मधून दोन खोल चाकोऱ्या, चाकोऱ्यांच्या मधे गवताची पट्टी.

किलोमीटरभर गेल्यावर तो म्हणाला, "मामा, मी चालवू का थोडी?"

मी म्हटलं, "घे ना."

का म्हटलं, याचा मी खूप विचार केला आहे. मला त्याने ती गाडी चालवलेली बघायची होती. मी केलेलं काम त्याच्या हाताला कळावं असं वाटत होतं. दीड वर्ष माझ्या घरात कोणालाच ते कळत नव्हतं.

त्याने छान चालवली. दोनेकशे मीटर तो गवताच्या पट्टीवरून सरळ गेला, उभा राहून, कोपर बाहेर, मी शिकवलं होतं तसं. पुढे एका बाभळीच्या सावलीत माती वाळलेलीच नव्हती. काळी माती टायरच्या गुट्ट्यांमध्ये भरली की गुट्टे उरतच नाहीत, चाक रंधा मारल्यासारखं गुळगुळीत होतं. गाडीचा वेग गेला. तो खाली बसला आणि थांबला, आणि सवयीने डावा पाय खाली टाकला. पायाखाली चाकोरी होती. पाय जमिनीला लागलाच नाही.

मी वीस पावलं मागे होतो. गाडी हळू पडली. एवढी हळू, की मला वाटलं आता उठेल आणि हसेल.

तो ओरडला नाही. "मामा" एवढंच म्हणाला, दोनदा.

डाव्या बाजूच्या बॅगेच्या फ्रेमचा खालचा दांडा त्याच्या घोट्याच्या चार बोटं वर बसला होता. खाली पायदान, वर फ्रेम, मधे पाय. मी हँडल धरून गाडी उचलायला गेलो. माझेच पाय चिखलात घसरले, गाडी वीतभर उठली आणि परत त्याच्याच पायावर बसली. आता तो ओरडला. ते मी केलं होतं. पडणं अपघात म्हणता येईल. हे दुसऱ्यांदा बसणं माझ्या हातून झालं.

शेजारच्या वावरातून एक कास्तकार आणि त्याची बायको धावत आले. त्यांचे बैल धुऱ्यावर बांधलेले होते, आदल्या दिवशीच्या पोळ्याचा रंग शिंगांवर तसाच होता, एकाचा गुलाबी, एकाचा निळा. त्याने कासरा सोडून आणला, हँडलला बांधला, आणि आम्ही दोघांनी ओढलं. गाडी हलली पण फ्रेम पाय सोडेना, कारण दांड्याचा वाकडा भाग बुटात अडकला होता. बूट कसला, साधा कापडी स्पोर्ट्स शू.

म्हणजे फ्रेमच काढायला हवी होती. चार बोल्ट. अवजारं माझ्याकडे होती, चांगली होती. बोल्ट होते ॲलनचे, डोक्यात सहा कोनी खड्डा असलेले, कारण ते दिसायला छान दिसतात. चारही खड्डे चिखलाने ठासून भरलेले. किल्ली आत जाईना. मी नखाने कोरायला लागलो, हात थरथरत होते, माती आणखी आत गेली.

"थांबा जी," त्या बाई म्हणाल्या. बाभळीचा एक लांब काटा मोडून आणला, गुडघे टेकून बसल्या आणि एकेक खड्डा कोरायला लागल्या. कान साफ करतात तसं, कडेकडेने, आतली माती काट्याच्या टोकावर घेऊन पदराला पुसत. मधेच भाच्याकडे बघून म्हणायच्या, "होऊन राहिलं रे बाबू, होऊन राहिलं." नवरा गाडीकडे बघत होता. म्हणाला, "काहून आणली बाप्पा एवढी उंच गाडी या पोराले?"

मी काही बोललो नाही. किल्ली बसली, चारही बोल्ट निघाले, पाय निघाला. वीसेक मिनिटं गेली असतील. घोट्याच्या वर दोन्ही हाडं मोडली होती. धंतोलीतल्या दवाखान्यात त्याच रात्री प्लेट बसवली.

तुम्ही म्हणाल, हे कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं, उंच गाडीवरून बुटका माणूस पडणारच. असं मीही बरेच दिवस म्हणत होतो. माझ्या ताईला, म्हणजे त्याच्या आईला, तर मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की त्यानेच मागितली, मी लादली नव्हती. ताईने एवढंच विचारलं, "त्याच्या मापाची होती का रे ती?" त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

पण मोजलं. दिवाळीनंतर, प्लास्टर निघाल्यावर, त्यालाच अंगणात गाडीवर बसवलं. दोन मित्रांनी गाडी सरळ धरली, मी टेप घेतला. नियम तुम्हाला माहीत आहे, स्वार बसल्यावर मागचं सस्पेन्शन त्याच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश दबलं पाहिजे. मी बसलो की पासष्ट मिलिमीटर दबायचं, बरोबरच होतं. तो बसला तर तीस. स्प्रिंग मी माझ्या वजनाला आणि वर भरलेल्या बॅगांना जुळवलं होतं. म्हणजे कागदावर उंच असलेली गाडी त्याच्यासाठी आणखी साडेतीन सेंटिमीटर उंच होती. चाकोरीत त्याचा पाय का पोचला नाही, हे त्या टेपवर लिहिलेलं होतं. मग भंगारवाल्याच्या काट्यावर गाडी चढवली. १८३ किलो. एकोणीस कलमांनी मिळून सव्वीस किलो चढवले होते. एकेक कलम किलो-दीड किलोचं, म्हणून बसवताना ओझं कधी जाणवलंच नाही.

आणि एकोणीस कलमांत बूट नव्हते. माझ्या पायात होते, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, पण ते कपाटात आधीपासून होते म्हणून. त्याच्यासाठी घेतले नव्हते. जेवढ्यात जादा दिवे आले तेवढ्यात आले असते.

म्हणून यादी विचारता तेव्हा मी उलट विचारतो: उंची किती, वजन किती, एकटे जाता की जोडीने, पडलेली गाडी चिखलातून एकट्याने उचलून पाहिली आहे का? तुम्हाला तो उद्धटपणा वाटतो. घराजवळच्या मैदानात, मऊ जमिनीवर गाडी स्वतःहून आडवी करा आणि उचला. पाच वेळा. चौथ्या वेळी जी वस्तू उपटून फेकावीशी वाटेल, ती मुळात बसवू नका.

फुकटात होणारी कामं आधी करा, ती कोणी विचारतच नाही. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प आवळून टाकू नका. हाताने जोर लावला की फिरतील इतकेच घट्ट ठेवा, म्हणजे गाडी पडली तर लिव्हर फिरेल, मोडणार नाही. रायझर लावलाच असेल तर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून बघा. वळवताना इंजिनचा आवाज आपोआप वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे. इंजिनखालच्या पाटीत साचलेली माती दर वेळी काढा, ती तिथेच वाळते आणि आपल्याकडच्या मे महिन्यात इंजिनला दुलईत गुंडाळल्यासारखं होतं. जादा ट्यूब एकच न्यायची असेल तर २१ इंची न्या, वेळ पडली तर ती मागच्या १८ च्या चाकातही घरापर्यंत आणते. बाभळीच्या काट्यांच्या मुलखात हे लागतंच. आणि बाहेरचे जेवढे बोल्ट बदलता येतील तेवढे साध्या सहा कोनी डोक्याचे करा, पान्याने फिरणारे, शक्यतो एकाच मापाचे. माझ्या गाडीवर आता एकही ॲलन बोल्ट बाहेरून दिसत नाही.

कायद्याचंही सांगतो, कारण ते विचारायचं सगळे टाळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातले तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्यानंतरच्या २०१९ च्याच दुरुस्तीत अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. २०२० मध्ये यादी करताना मी हे वाचलेलं होतं आणि पान उलटलं होतं. आणि पेंच, बोर, कऱ्हांडल्याच्या राखीव जंगलात गाडी घालायची नाही, यावर माझ्याशी वाद घालू नका. पांदणी पुरेशा आहेत, तिथेही पीक उभं असताना कास्तकाराला विचारून जा.

एवढं सगळं लिहूनही वहीतल्या त्या माणसाला मी पूर्ण खोटं पाडू शकत नाही. फ्रेम, गार्ड, जादा दिवे काढले. रॅली किट काढून मूळ सस्पेन्शन बसवलं, एक पावसाळा चालवलं. वेणा नदीच्या पात्रातल्या गोट्यांवर गाडी खालून आपटली, मनगटं आठवडाभर दुखली, आणि मला वाटलं की २०२० मधला मीच बरोबर होतो. गेल्या फेब्रुवारीत किट परत चढवलं. आता पावसाच्या आधी उतरवायचं की नाही, ठरत नाही. माळ्यावर गाडीचा मूळ शॉक ॲब्सॉर्बर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला आहे. महिन्यातून एकदा तरी मी तो खाली काढतो, पुसतो आणि परत ठेवतो.

भाच्याच्या पायातली प्लेट अजून आहे, थंडीत घोटा दुखतो. गेल्या महिन्यात त्याने कोणाला न सांगता एक जुनी हीरो इम्पल्स घेतली, १५० ची. परवा त्याचा मेसेज आला: "मामा, रायझर किती एमएमचे घेऊ?"

उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी त्याला एवढंच कळवलं की रविवारी सकाळी गाडी घेऊन अंगणात ये, टेप माझ्याकडे आहे. बूट सात नंबरचे आणून ठेवले आहेत, आधी ते घालून बस. आणि ताईला सांगून ये.